ज्यांना हे आवडले, त्यांना तेही आवडले

पुस्तकांच्या दुकानातील जाणता विक्रेता, वाचनालयातील मुरलेला ग्रंथपाल किंवा चित्रपटांच्या कॅसेटी भाड्याने देणारा दुकानदार यांच्याकडे एक विद्या असे. गिऱ्हाईक काय वाचते, काय पाहते हे ध्यानात ठेवून ते पुढची वस्तू नेमकी त्याच्या हाती ठेवत. त्यासाठी वस्तूची पारख लागे आणि माणसाची ओळख लागे. इंटरनेटवरील दुकाने आणि चित्रपटांची संकेतस्थळे आज हेच काम कोट्यवधी लोकांसाठी करतात. पण ज्या पद्धतीवर हा उद्योग उभा राहिला, तिच्याकडे मुळात यांपैकी काहीच नव्हते. संगणकाने पुस्तक वाचलेले नसते, चित्रपट पाहिलेला नसतो आणि समोरचा ग्राहक कोण, हेही त्याला ठाऊक नसते. त्याच्यापुढे असतो आकड्यांचा एक अवाढव्य तक्ता. कोणी कशाला किती गुण दिले, काय विकत घेतले, काय अर्ध्यावर सोडले, एवढ्याच नोंदी.

या नोंदींवरून पसंतीचा अंदाज बांधणाऱ्या आज्ञावलींना 'रेकमेंडर सिस्टीम' म्हणजे शिफारस प्रणाली म्हणतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या पद्धतीला 'कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग'. मराठीत तिला सहकारी चाळणी म्हणायला हरकत नसावी. सहकार महाराष्ट्राला नवा नाही. फरक एवढाच, की या संस्थेचे आपण सभासद आहोत हे बहुतेक सभासदांना ठाऊक नसते.

ही कल्पना जन्माला आली ती विक्री वाढवण्यासाठी नव्हे, तर ई-मेलचा पूर आवरण्यासाठी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची विख्यात संशोधन संस्था होती. तेथील डेव्हिड गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टॅपेस्ट्री' नावाची प्रणाली तयार केली आणि १९९२ मध्ये तिच्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. 'कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग' हा शब्दप्रयोग त्यांचाच. एखादा मजकूर वाचणाऱ्याने त्यावर शेरा मारून ठेवायचा आणि इतरांनी त्या शेऱ्यांच्या आधारे आपली टपाल चाळून घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. मात्र कोणाच्या शेऱ्यावर विसंबायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. चार भिंतींच्या आत, सर्व एकमेकांना ओळखत असताना हे चालण्यासारखे होते.

अनोळखी माणसांच्या मतांचा उपयोग कसा करायचा, हे कोडे १९९४ मध्ये सुटले. एमआयटी आणि मिनेसोटा विद्यापीठातील पॉल रेझनिक, जॉन रीडल आदी संशोधकांनी 'ग्रुपलेन्स' ही प्रणाली युजनेट या त्या काळच्या सार्वजनिक चर्चाजालासाठी रचली. वाचकाने लेखाला एक ते पाच गुण द्यायचे. कोणाची आवड कोणाशी जुळते हे संगणकाने शोधायचे. त्यामागील गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. समजा, एका प्रेक्षकाने तीन चित्रपटांना ५, ३ आणि ४ असे गुण दिले. दुसऱ्याने त्याच चित्रपटांना ३, १ आणि २ दिले. वरवर पाहता दोघांची मते भिन्न वाटतात. परंतु पहिल्याची सरासरी ४ आहे आणि दुसऱ्याची २. प्रत्येकाच्या सरासरीपासून किती वर किंवा खाली, एवढेच पाहिले तर दोघांची आवड तंतोतंत सारखी आहे. एक सढळ हाताचा परीक्षक आहे, दुसरा कंजूष. आता पहिल्याने एका चौथ्या चित्रपटाला ५ गुण दिले, म्हणजे आपल्या सरासरीहून एक अधिक, तर दुसरा त्याला ३ देईल, असा अंदाज निघतो. एका शेजाऱ्याऐवजी असे शेकडो शेजारी घ्यायचे आणि ज्याची आवड जितकी जुळते तितके त्याच्या मताला वजन द्यायचे, की झाली शिफारस प्रणाली. त्याच सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शर्दानंद आणि पॅटी मेस यांनी 'रिंगो' ही संगीताची शिफारस करणारी प्रणाली ई-मेलवर चालवली. तिच्यातून 'फायरफ्लाय' ही कंपनी निघाली, ती १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली.

पद्धत सोपी असली तरी दुकान मोठे झाले की ती धापा टाकू लागते. प्रत्येक ग्राहकाची तुलना इतर कोट्यवधी ग्राहकांशी करायची आणि तीही तो पान उघडून बसला असताना, हे परवडणारे नव्हते. अॅमेझॉनच्या ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी प्रश्न उलटा केला. माणसांचे शेजारी शोधण्याऐवजी त्यांनी वस्तूंचे शेजारी शोधले. हे पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी कोणती पुस्तके घेतली, याची कोष्टके आधीच, सवडीने तयार करून ठेवायची. ग्राहक आला की त्याने घेतलेल्या चार वस्तूंच्या कोष्टकांवर नजर टाकून यादी काढायची. २००३ मध्ये त्यांनी या पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला तेव्हा कंपनीचे ग्राहक दोन कोटी नव्वद लाखांहून अधिक होते. 'ज्यांनी हे घेतले, त्यांनी हेही घेतले' ही इंटरनेटवरील दुकानांत सर्वत्र दिसणारी ओळ या उलट्या प्रश्नाचे फळ आहे.

दहा लाख डॉलरचे कोडे

या शास्त्राला खरे वलय लाभले ते नेटफ्लिक्सच्या स्पर्धेने. आज नेटफ्लिक्स म्हणताच घरबसल्या इंटरनेटवर चित्रपट दाखवणारी कंपनी डोळ्यांपुढे येते. पण २००६ मध्ये ती अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने देत असे. नव्या, गाजणाऱ्या चित्रपटांच्या मागे सारेच लागतात आणि त्यांच्या प्रती मर्यादित असतात. त्यामुळे ग्राहकाला जुन्या, अपरिचित, तरीही त्याला आवडेल अशा चित्रपटाकडे वळवणे कंपनीच्या हिताचे होते. त्यासाठी तिची 'सिनेमॅच' नावाची प्रणाली होती. २ ऑक्टोबर २००६ रोजी कंपनीने जाहीर केले, की सिनेमॅचचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ. त्यासाठी तिने आपला माहितीसाठाच खुला केला: ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून अधिक गुण. ग्राहकांची नावे अर्थातच काढून टाकलेली होती.

दहा कोटी हा आकडा मोठा वाटतो. परंतु इतके ग्राहक आणि इतके चित्रपट यांचा पूर्ण तक्ता मांडला, तर त्यात सुमारे ८५३ कोटी खाने होतात. म्हणजे शंभरातील जवळजवळ नव्याण्णव खाने रिकामे! भरलेल्या एका खान्यावरून उरलेले नव्याण्णव ओळखायचे, हे या शास्त्राचे खरे आव्हान आहे. चूक मोजण्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक अंदाजातील चुकीचा वर्ग करायचा, साऱ्यांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. ग्राहकाचा काहीही विचार न करता प्रत्येक चित्रपटाची नुसती सरासरी सांगितली तर ही चूक १.०५ च्या आसपास येई, सिनेमॅचची ०.९५२५ होती, बक्षिसासाठी ती ०.८५७२ वर आणायची होती. पाच ताऱ्यांच्या मोजपट्टीवर एका ताऱ्याच्या दहाव्या भागाइतकी ही सुधारणा. तेवढ्यासाठी १८० हून अधिक देशांतील सुमारे चाळीस हजार संघांनी नावे नोंदवली आणि कोडे सुटायला जवळजवळ तीन वर्षे लागली.

पहिली मोठी झेप अनपेक्षित दिशेने आली. 'सायमन फंक' या टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने डिसेंबर २००६ मध्ये आपली युक्ती सर्वांसाठी खुलेपणाने लिहून टाकली. बक्षीस दहा लाखांचे असताना असे करणारा माणूस विरळाच. ही युक्ती म्हणजे तक्त्याचे अवयव पाडणे. प्रत्येक चित्रपटाला काही मोजके आकडे द्यायचे, प्रत्येक प्रेक्षकालाही तितकेच आकडे द्यायचे. दोहोंचे क्रमाने गुणाकार करून बेरीज केली, की तो प्रेक्षक त्या चित्रपटाला आपल्या सरासरीहून किती अधिक वा उणे गुण देईल ते मिळते. एखाद्या चित्रपटाचे आकडे ०.८ आणि उणे ०.५ आहेत, प्रेक्षकाचे १ आणि उणे ०.६ आहेत, तर गुणाकारांची बेरीज १.१ येते. त्याची सरासरी साडेतीन असेल तर अंदाज ४.६. ज्याचे आकडे उणे १ आणि ०.२ आहेत अशा दुसऱ्या प्रेक्षकासाठी बेरीज उणे ०.९ येते, म्हणून त्याची सरासरीही साडेतीनच असली तरी अंदाज २.६ वर उतरतो.

हे आकडे कोण ठरवतो? कोणीच नाही. सुरुवातीला ते वाटेल तसे भरायचे, भरलेल्या खान्यांशी ताडून पाहायचे, चूक दिसली की आकडे किंचित सरकवायचे आणि हे कोट्यवधी वेळा करायचे. प्रशिक्षण संपल्यावर संशोधकांनी आकड्यांकडे पाहिले तेव्हा त्यांत ओळखीच्या गोष्टी दिसू लागल्या. एका टोकाला गंभीर चित्रपट, दुसऱ्या टोकाला उथळ विनोदी. एकीकडे मोठ्या निर्मितीसंस्थांचे, दुसरीकडे स्वतंत्र दिग्दर्शकांचे. संगणकाला 'गंभीर' किंवा 'विनोदी' हे शब्द कोणी शिकवले नव्हते. अर्थात ही नावे माणसांनी मागाहून दिली, आणि काही आकडे असे होते, की त्यांना कोणतेच नाव देता येईना. आपल्या आवडीचा एखादा धागा भाषेत नसेल पण तक्त्यात असेल, ही शक्यता मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

स्पर्धकांना माणसाच्या स्वभावाचेही धडे मिळाले. एकच माणूस वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या मापाने गुण देतो. चित्रपट जुना होत जातो तसे त्याला मिळणारे गुण वाढत जातात. 'नेपोलियन डायनामाइट' हा २००४ चा एक विक्षिप्त विनोदी चित्रपट तर सर्वांची डोकेदुखी ठरला; लोक त्याला एक तरी देत किंवा पाच तरी देत, आणि कोण काय देईल याचा त्यांच्या इतर आवडीशी मेळ बसेना. पण सर्वांत दूरगामी शोध वेगळाच होता. एखाद्याने कोणत्या चित्रपटांना गुण दिले, ही गोष्ट त्याने *किती* गुण दिले याच्याइतकीच बोलकी निघाली. माणूस मत द्यायला मुळात कशाकडे वळतो, यातच त्याची आवड दडलेली असते.

स्पर्धेचा शेवट एखाद्या क्रिकेट सामन्यासारखा झाला. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट बेल व ख्रिस व्होलिन्स्की, त्यांचे पूर्वीचे सहकारी येहुदा कोरेन, ऑस्ट्रियातील एक जोडी आणि कॅनडातील दुसरी, असे एकमेकांचे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि जून २००९ मध्ये त्यांनी दहा टक्क्यांची रेषा ओलांडली. नियमानुसार इतरांना तीस दिवसांची अखेरची संधी होती. तेवढ्यात उरलेल्यांनीही मोट बांधली आणि मुदत संपताना, २६ जुलै रोजी, सार्वजनिक गुणफलकावर तेच केसभर पुढे होते. मात्र निकाल ठरणार होता तो झाकून ठेवलेल्या नोंदींवर. तेथे दोन्ही संघांची चूक सारखीच, ०.८५६७, निघाली. पहिल्या संघाने आपले उत्तर वीस मिनिटे आधी पाठवले होते. दहा लाख डॉलर त्यांना मिळाले.

आणि ते विजयी उत्तर कंपनीने वापरलेच नाही. शेकडो गणिती प्रतिमाने एकत्र कालवून ते तयार झाले होते. तो गाडा रोज चालवण्याचा खटाटोप त्यातून मिळणाऱ्या सुधारणेच्या मानाने फार होता, असे कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये लिहिले. पहिल्या वर्षातील दोन पद्धती मात्र त्यांनी उचलल्या. एक वर सांगितलेली अवयव पाडण्याची, आणि दुसरी टोरांटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन यांच्या गटाने हाताळलेली कृत्रिम चेताजालाची. याच हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

मत आणि वर्तन

दरम्यान नेटफ्लिक्सचा धंदाच बदलला होता. २००७ पासून चित्रपट इंटरनेटवरून थेट दिसू लागले. डीव्हीडी टपालाने जात असे तेव्हा ग्राहक मत कळवी तेवढेच कंपनीला कळे. आता तो काय लावतो, कुठे थांबतो, कितव्या मिनिटाला उठून जातो, हे सारे न विचारताच कळू लागले. २०१७ मध्ये तारेही गेले आणि त्यांच्या जागी वर किंवा खाली केलेला अंगठा आला. कंपनीच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तेथे पाहिल्या जाणाऱ्या दर दहा तासांपैकी आठ तासांची निवड शिफारशीतून होत होती; शोध घेऊन पाहणे उरलेल्या दोन तासांपुरते. यूट्यूबने २०१२ मध्ये असाच बदल केला. चित्रफितीवर किती जणांनी टिचकी मारली याऐवजी ती किती वेळ पाहिली गेली, याला महत्त्व दिले. पुढे या प्रणालींत आकड्यांच्या तक्त्याबरोबर चित्रफितींचा विषय, भाषा, दिवसाची वेळ अशा इतर खुणाही मिसळल्या गेल्या.

हा बदल तांत्रिक वाटतो, पण सारे इंगित यातच आहे. गुण देताना माणूस आपले चांगले मत सांगतो. उत्तम माहितीपटाला तो पाच तारे देईल. रात्री दमून घरी आल्यावर मात्र तो लावणार नाही. मतावर चालणारी प्रणाली त्याला जे आवडते असे *वाटते* ते देई, वर्तनावर चालणारी तो जे *करतो* ते देते. दोन्हींत गणित जवळपास तेच आहे. कोणता आकडा वाढवायचा, हे बदलले. तो आकडा गणित ठरवत नाही, कंपनी ठरवते. म्हणूनच 'अल्गोरिदमने दाखवले' हे उत्तर अपुरे आहे. कशाची चूक कमी करायला त्याला सांगितले होते, हा प्रश्न त्याच्या मालकाला विचारला पाहिजे.

दुसरी अडचण तक्त्याच्या स्वरूपातच आहे. ज्याची नोंद नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. नवा चित्रपट, नवा लेखक, नवा ग्राहक यांच्याविषयी सहकारी चाळणी मूक असते. संशोधक याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. थंडीत न सुरू होणाऱ्या मोटारीवरून आलेला हा शब्द आहे. ज्या भाषेत पाहणारे आणि मत देणारे थोडे, तिच्या कलाकृतींचे खाने अधिक रिकामे राहतात, हे ओघानेच आले. हिंदी वा इंग्रजीच्या तुलनेत मराठी चित्रपटाला हा तोटा सोसावा लागतो. उलटपक्षी, मोजक्या पण सारख्या आवडीच्या प्रेक्षकांच्या नोंदी एकदा जमल्या, की न्यू जर्सीतील मराठी घरापर्यंत तो जाहिरातीवाचून पोहोचू शकतो, हेही तितकेच खरे.

जे आधीच दिसते तेच अधिक दिसत जाते, हा धोका प्रयोगाने सिद्ध झाला आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना ती नुसती ऐकवली. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तेही दाखवले. गाणी तीच असूनही प्रत्येक गटात वेगळे गाणे डोक्यावर घेतले गेले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. हा प्रयोग वैयक्तिक शिफारशींचा नव्हता, पण इतरांच्या निवडीवर स्वतःची निवड बेतणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला तो लागू पडतो.

एली पॅरिसर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या 'फिल्टर बबल'ची, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या मतांच्या फुग्यात बंद होतो या भीतीची, चर्चा याहून अधिक झाली आहे. तिच्याविषयीचे पुरावे उलटसुलट आहेत. आवडीनुसार निवड माणूस वर्तमानपत्र घेतानाही करतोच.

नाव पुसले तरी

सर्वांत गंभीर धडा मात्र पुन्हा नेटफ्लिक्सच्याच स्पर्धेने दिला. नावे काढून टाकली की माहिती निनावी होते, असा कंपनीचा समज होता. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संकुलात अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनी तो फोल ठरवला. एखाद्याने गुण दिलेले आठ चित्रपट आपल्याला ठाऊक असतील, त्यांतील दोन साफ चुकीचे असतील आणि तारखांतही दोन आठवड्यांची गफलत असेल, तरी या साठ्यातील ९९ टक्के नोंदी एकमेव म्हणून ओळखता येतात, असे त्यांनी दाखवले. कार्यालयातील गप्पांत आपण आठ चित्रपटांविषयी सहज बोलून जातो. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावर लोकांनी उघडपणे दिलेल्या गुणांशी ताडून त्यांनी दोघांच्या नोंदी शोधूनही काढल्या. एखाद्याने कोणते राजकीय, धार्मिक वा समलैंगिक विषयांवरील चित्रपट पाहिले, हे त्यावरून कळू शकत होते. आवडच माणसाचा अंगठ्याचा ठसा ठरली. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीवर खटला दाखल झाला; फिर्यादींत आपली ओळख उघड होईल या भीतीने नाव लपवणारी एक समलिंगी आई होती. मार्च २०१० मध्ये कंपनीने जाहीर केलेली दुसरी स्पर्धा रद्द केली आणि प्रकरण मिटवले.

यातील पेच सहज सुटणारा नाही. शिफारस अचूक व्हावी म्हणून प्रणालीला माझे वेगळेपण टिपावे लागते, आणि जे मला वेगळे काढते तेच मला ओळखू देते.

कायदा हळूहळू जागा होत आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार ऑगस्ट २०२३ पासून अतिविशाल संकेतस्थळांना शिफारशींचे प्रमुख निकष सोप्या भाषेत सांगावे लागतात आणि व्यक्तीच्या नोंदींवर आधारलेली नसेल अशी निदान एक मांडणी निवडीसाठी ठेवावी लागते. भारतात २०२३ मध्येच संमत झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास मनाई आहे. शिफारशींना पर्याय देण्याची अशी सक्ती मात्र त्यात नाही. त्यामुळे भारतीय वाचकाच्या हाती उरतात ती त्या त्या सेवेने स्वतःहून दिलेली बटणे. खात्यातील पाहण्याचा इतिहास पुसता येतो, एकेक नोंद काढता येते, 'यात रस नाही' असे कळवता येते. एकाच खात्यावरून घरातील सर्व जण पाहत असतील तर प्रत्येकासाठी वेगळे नाव उघडावे. अन्यथा नातवाची बालगीते आणि आजोबांची कीर्तने मिळून प्रणाली एक तिसराच माणूस कल्पून बसते. यूट्यूबने ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी एक बदल केला. ज्याने इतिहास बंद ठेवला आहे आणि ज्याच्या जुन्या नोंदीही फारशा नाहीत, त्याला मुख्य पानावर एकही चित्रफीत सुचवली जात नाही. शोधाची चौकट तेवढी दिसते. काय पाहायचे ते तिच्यात स्वतः लिहावे लागते.